अडीच इंची खिळा

मागच्या खोलीत सात लाकडी पट्ट्या ठोकायच्या होत्या. बस, एवढंच काम होतं. तीन पट्ट्या दाराच्या चौकटीभोवती शोभेला, तीन चौकटीच्या आतून दार टेकायला, आणि एक आडवी, खांद्याच्या उंचीवर, प्लायच्या भिंतीतला जोड झाकायला. कुठल्याही बऱ्या सुताराने हे काम सकाळच्या चहानंतर सुरू करून दुपारच्या जेवणाआधी उरकलं असतं, आणि मध्ये शेजाऱ्यांशी गप्पाही मारल्या असत्या. पण घर एका खरेदी अधिकाऱ्याचं होतं. त्यामुळे त्याला तीन महिने आणि एक शनिवार लागला.

खरेदी अधिकारी घरी कसा असतो हे ज्यांना ठाऊक नाही ते सुखी आहेत. हे गृहस्थ बावीस वर्षं एकाच कचेरीत एकाच खुर्चीवर बसून होते आणि तौलनिक तक्ता केल्याशिवाय त्यांनी टाचण्यांची डबीसुद्धा घेतली नव्हती. कचेरीत त्यांना सगळे तक्तेसाहेब म्हणत. साहेबांना वाटायचं, हा आदर आहे. घरात गादी घ्यायची होती तेव्हाही त्यांनी नऊ रकान्यांचा तक्ता केला आणि तो पुरा होईपर्यंत नवरा-बायको चार महिने सतरंजीवर झोपले. गादी आली ती खरोखरच उत्तम होती. फक्त ती पलंगावर मावेना, कारण पलंगाच्या मापाचा रकाना साहेबांनी ठेवलाच नव्हता.

आता ही मागची खोली कशासाठी, तेही सांगतो. साहेबांचे सासरे जन्माचे सुतार. चाळीस वर्षं त्यांनी दारं-खिडक्या केल्या, आणि त्यांनी बसवलेलं दार कधी कुरकुरलं असं कुणी ऐकलं नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. हातोडी खिळ्यावर पडायची ती बोटावर पडायला लागली, तेव्हा त्यांनी हत्यारांची पेटी उचलून मुलीकडे आणून टाकली आणि भंगारात देऊन टाक म्हणाले. तेव्हापासून तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या भाड्याच्या खोलीत ते एकटे बसून होते. मध्यंतरी एकदा जिन्यात पडले, तर दोन तास कुणाला पत्ता नव्हता.

मुलीने त्यांना आपल्याकडे राहायला चार वेळा बोलावलं. चारही वेळा ते नाही म्हणाले. कुणाच्या घरी पाहुणा होऊन बसणार नाही, आयतं खायचं नि आयतं झोपायचं तर माझी खोली काय वाईट आहे, असा त्यांचा सवाल. पाचव्यांदा ती फोनवर रडली, तेव्हा कसेबसे एका रात्रीपुरते यायला तयार झाले. शनिवारी दुपारी चारला येतो, खोली बघतो, बरी वाटली तर विचार करतो, म्हणाले. 'बरी वाटली तर' हे चाळीस वर्षं काटकोन तपासत आलेला माणूस बोलत होता. त्या दिवसापासून मुलीचा जीव त्या खोलीवर टांगलेला होता.

खोली म्हणजे हॉलचाच मागचा भाग, जाड प्लायची एकेरी भिंत घालून वेगळा केलेला. भिंत आणि दार बसवणारा सुतार त्याच गल्लीत, खालच्या कोपऱ्यावर राहायचा. पट्ट्या उद्या मारून देतो वहिनी, असं तो आपण होऊन म्हणाला होता. पण तक्तेसाहेब मध्ये पडले. एवढ्याशा कामाला माणूस कशाला, आपण स्वतः करू, त्यासाठी योग्य ते यंत्र घेऊ, असं त्यांनी जाहीर केलं. आणि नवल म्हणजे बायको चकार शब्द बोलली नाही. जी बाई साधा बल्ब बदलायला नवऱ्याला स्टुलावर चढू देत नसे, ती सुताराला म्हणाली, "राहू द्या हो. हे करतायत."

सुतार जाताना दोनदा वळून बघत होता.

मग यंत्राची निवड सुरू झाली. पट्ट्या ठोकायच्या नेलगनच्या, म्हणजे खिळे मारायच्या बंदुकीच्या, तीन जाती असतात. एक हवेवर चालते, तिला जवळ कॉम्प्रेसर लागतो आणि मागे नळी ओढत फिरावं लागतं. दुसरी गॅसच्या डबीवर. तिसरी नुसती बॅटरीवर, ना नळी ना डबी. एवढं कळायला तुम्हाआम्हाला पाच मिनिटं लागतात, साहेबांना पाच आठवडे लागले. त्यातून खिळ्याची जाडी गेजमध्ये मोजतात, आणि गेजचा आकडा वाढला की खिळा बारीक होतो, हा काय उलटा कारभार आहे म्हणून त्यांनी एका कंपनीला खुलासा मागणारं पत्र पाठवलं. कंपनीने उत्तर दिलं नाही. साहेबांनी तिला तक्त्यातून बाद केलं.

तक्ता शेवटी चौदा रकान्यांचा झाला. वजन, बॅटरी किती वेळ टिकते, एका वेळी किती खिळे भरतात, आवाज, हमी, पकड, इतकंच काय, रंगसुद्धा होता. सातवा रकाना सुरक्षेचा होता आणि तो साहेबांना फार आवडायचा. या बंदुकीचं नाक लाकडावर घट्ट दाबल्याशिवाय खिळा सुटतच नाही, नुसता घोडा ओढून काही होत नाही. हे ते कचेरीत जेवणाच्या सुट्टीत इतक्यांदा सांगत की लोक आपला डबा घेऊन जिन्यात जाऊन जेवू लागले.

दुकानदार तीस वर्षं हत्यारं विकत होता. त्याने तक्ता पाहिला, पुन्हा साहेबांकडे पाहिलं आणि विचारलं की काम काय आहे, पट्टी किती जाड आहे नि मागे भिंत किती जाड आहे.

"तो मुद्दा तक्त्यात नाही," साहेब म्हणाले.

दुकानदाराने एक छोटी बंदूक काढून पुढे ठेवली. घरगुती पट्ट्यांना ही भरपूर झाली, सव्वा इंची बारीक पिना मारा आणि विसरून जा, असा त्याचा सल्ला होता. साहेबांनी छोटीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मोठी किती लांबीपर्यंत खिळा मारते, असं त्यांनी विचारलं.

"सव्वा इंचापासून अडीच इंचापर्यंत. पण तुमच्या कामाला..."

"मग मोठीच द्या. आणि खिळे सगळे अडीच इंची. क्षमता आहे तर पूर्ण वापरायची, नाहीतर घ्यायची कशाला?"

दुकानदाराने 'पण'च्या पुढचं वाक्य गिळलं आणि बंदूक बांधून दिली. गिऱ्हाईक शहाणं असेल तर समजवावं आणि अतिशहाणं असेल तर पिशवी द्यावी, हे त्याला ठाऊक होतं.

सासरे चारला येणार त्याच शनिवारी सकाळी नऊ वाजता साहेब मागच्या खोलीत उभे राहिले. तीन महिने तक्त्यात गेल्यावर कामाला दुसरा दिवस उरलाच नव्हता. डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे आणि कानांवर आवाज अडवणारे जाडजूड गोळे. बायको चहा घेऊन आली, चहा ठेवलाय म्हणून तीनदा ओरडली आणि शेवटी हातवारे करून निघून गेली. साहेबांनी आधी चाचणी घ्यायची ठरवली. स्टुलावर लाकडाचा एक तुकडा ठेवला, बंदुकीचं नाक त्यावर दाबलं आणि घोडा ओढला. फट् आवाज झाला आणि खिळा असा काही आत गेला की साहेबांना भरून आलं. त्यांनी आणखी पाच मारले. चाचणी यशस्वी म्हणून वहीत लिहिलं, आणि तुकडा उचलायला गेले तर त्याच्याबरोबर स्टूलही वर आलं.

इथे कुणीही थांबलं असतं. एक इंचाचा तुकडा ओलांडून खिळा स्टुलात घुसतो, तर अर्ध्या इंचाची पट्टी आणि पाऊण इंचाची भिंत ओलांडून तो कुठे जाईल, हा हिशेब चौथीतलं पोर तोंडी करेल. साहेबांनी फक्त एवढंच नोंदवलं की यंत्राची पकड अपेक्षेपेक्षा चांगली आहे. स्टूल त्यांनी तुकड्यासकट कोपऱ्यात ठेवलं.

आडवी पट्टी त्यांनी पहिली घेतली. टोकाशी पहिलाच खिळा मारला आणि पट्टी उभी चिरली, कारण असला दांडगा खिळा टोकाशी मारायचा नसतो. साहेब डगमगले नाहीत. पट्ट्या आणताना त्यांनी कचेरीच्या नियमाप्रमाणे जादा आणल्या होत्या. दुसरी पट्टी लावली आणि ती चिरायच्या आत पक्की करावी म्हणून भराभर खिळे मारत सुटले. एका पट्टीला आठ खिळे पुष्कळ झाले असते. त्यांनी अठ्ठेचाळीस मारले. हाताला चटक लागली होती, दुसरं काय.

भिंतीच्या दुसऱ्या अंगाला हॉल होता. तिथे सोफ्याच्या वर साहेबांचं कचेरीतलं प्रमाणपत्र लावलेलं होतं, पंधरा वर्षं विनातक्रार खरेदीबद्दल. अकराव्या खिळ्याला ते खाली पडलं. त्यानंतर सोफ्याच्या वर या टोकापासून त्या टोकापर्यंत खिळ्यांची टोकं एकामागून एक बाहेर येऊ लागली, प्रत्येक चांगलं सव्वा इंच लांब. बायको स्वयंपाकघरातून धावत आली. तिने ती रांग पाहिली, मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. मग सोफा ओढून हातभर पुढे घेतला, म्हणजे उठणाऱ्याच्या डोक्यात टोक जायला नको, आणि काचा गोळा करून भाजी चिरायला गेली.

दुपारी एकपर्यंत चौकटीभोवतीच्या तीन पट्ट्या लागल्या. वरच्या दोन्ही कोपऱ्यांत पट्ट्या तिरक्या कापून एकमेकींना भिडवायच्या असतात. साहेबांच्या पट्ट्या भिडल्या नाहीत, त्यांच्यात करंगळी जाईल एवढी फट राहिली. ती त्यांनी पुट्टीने भरली. पुट्टी वाळून खाली पडली. ती पुन्हा भरली. शेवटी फटीपेक्षा पुट्टी जास्त दिसू लागली तेव्हा साहेबांनी दोन पावलं मागे जाऊन, चष्मा काढून, लांबून छान दिसतंय असा निर्वाळा दिला.

राहिल्या दार टेकायच्या तीन पट्ट्या. या बसवायची एक रीत असते. दार बंद करायचं, पट्टी दाराला अलगद टेकवायची, आणि मग चौकटीत सरळ खिळा मारायचा. साहेबांनी रीत वाचली होती. त्यांनी स्वतः आत राहून दार लावून घेतलं, कारण पट्ट्या आतल्या बाजूने होत्या, आणि पट्टी टेकवली. पण तक्त्यातल्या सगळ्यात मोठ्या बंदुकीचं नाकही सगळ्यात मोठं होतं. बंद दाराला खेटून ते सरळ बसेना. छोटीचं बसलं असतं. साहेबांनी मग बंदूक थोडी कलती धरली. आता बंदूक कलती धरली की खिळा कलता जातो, आणि तो दाराच्या दिशेने गेला तर पट्टीतून दारात आणि दारातून चौकटीत जातो. असे त्यांनी चौदा मारले. डावीकडे पाच, उजवीकडे पाच, वर चार. मग घाम पुसला, बंदूक खाली ठेवली आणि चहा प्यायला म्हणून दार ढकललं.

दार हललं नाही. त्यांनी खांदा लावला. मग हेल्मेट लावून बघितलं. दार आता दार राहिलं नव्हतं, ती भिंत झाली होती.

साहेबांनी खोलीभर शोधलं. खोलीत बंदूक होती, दोन जादा बॅटऱ्या होत्या, नऊशे खिळे होते, पट्ट्या होत्या, पुट्टी होती, तक्ता होता आणि स्टूल होतं. पक्कड नव्हती, खिळे उपसायचा अंबूर नव्हता, साधा स्क्रू ड्रायव्हरही नव्हता. तक्त्यातले चौदाच्या चौदा रकाने खिळा आत घालण्याबद्दलचे होते. बाहेर काढण्याबद्दल एकही नव्हता. खिडकीला गज होते.

शेवटी त्यांनी कानांवरचे गोळे काढले आणि बायकोला हाक मारली. ती दाराशी आली. काय झालं म्हणून विचारलं. दार जरा अडकलंय, असं साहेब म्हणाले.

"मग ढकला."

"ढकलून होणार नाही. पक्कं बसलंय ते."

"किती पक्कं?"

"अडीच इंच," साहेबांनी प्रामाणिकपणे सांगितलं.

 पलीकडून बायकोचा खोकल्यासारखा आवाज आला, पण तो खोकला नव्हता. साहेब गयावया करू लागले की बाबा यायच्या आत त्या खालच्या सुताराला तरी बोलाव, माझी लाज जाईल. ती म्हणाली, तो आज गावाला गेलाय. नेमका त्याच वेळी खिडकीतून खालच्या कोपऱ्यावरच्या करवतीचा आवाज स्पष्ट येत होता. पण साहेब माणसांचं ऐकायचे नाहीत, तिथे करवतीचं काय ऐकणार.

चारला पाच मिनिटं असताना सासरे आले. हातात एक लहान पिशवी, तीत एका रात्रीचे कपडे. त्यांनी हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि सोफ्याच्या वरची खिळ्यांची रांग पाहून जागीच उभे राहिले. पाणी घेतलं नाही, खाली बसले नाहीत. जवळ जाऊन एका टोकावर बोट ठेवलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, असे पार भिंतीच्या शेवटापर्यंत गेले.

"हे कुणी केलं?"

"यांनी," मुलगी म्हणाली.

"आणि ते कुठे आहेत?"

"आत. दारही ठोकलंय त्यांनी."

म्हातारा दारापाशी गेला. बोटाच्या पेराने दार वरपासून खालपर्यंत वाजवून पाहिलं आणि फटीला डोळा लावला. आतून साहेबांनी नमस्कार केला, जो कुणाला दिसला नाही.

"जावईबापू, किती मारलेत?"

"चौदा."

"लांबी?"

"अडीच इंच."

"पट्टी अर्ध्या इंचाची आहे. अडीच कशाला?"

"क्षमता होती, बाबा."

 सासऱ्यांनी कपाळाला हात लावला. मग मुलीला म्हणाले की एखादं हॅक्सॉ ब्लेड असतं तर फटीतून एकेक खिळा कापून काढता आला असता, पण तुमच्या घरात कुठून असणार. मुलगी आत गेली आणि पलंगाखालून लाकडी पेटी ओढत घेऊन आली. तीच पेटी, दोन वर्षांपूर्वी भंगारात द्यायला आणून टाकलेली.

"दिली नाहीस?"

"राहून गेलं," ती म्हणाली आणि दुसरीकडे बघू लागली.

म्हाताऱ्याने झाकण उघडलं. पटाशी, रंधा, गुण्या, अंबूर, हातोडी, सगळं जागच्या जागी होतं. दोन वर्षं राहून गेलेल्या हत्यारांवर गंजाचा एक ठिपका नव्हता, उलट तेलाचा ताजा हात होता. त्याने मुलीकडे एकदा पाहिलं. मग ब्लेडला एका टोकाला फडकं गुंडाळलं, ते फटीत घातलं आणि पहिला खिळा कापायला घेतला. हात थरथरत होता, पण कापायला हात पुढेमागेच न्यायचा असतो, थोडी थरथर खपून जाते. सव्वा तासात चौदाही खिळे तुटले. दार उघडलं, तेव्हा साहेब हेल्मेट घालून भिंतीपाशी उभे होते, कारण एकुलत्या एक स्टुलावर लाकडाचा तुकडा बसलेला होता.

सासऱ्यांनी जावयाकडे पाहिलंसुद्धा नाही. ते आडव्या पट्टीपाशी गेले. तिथून चौकटीपाशी. वरच्या कोपऱ्यातल्या पुट्टीला नखाने टोकलं, तर ती खाली पडली. स्टूल उचलून उलटं केलं, खालून सहा टोकं पाहिली आणि परत ठेवलं.

"जावईबापू," ते शांतपणे म्हणाले, "लाकडाने तुमचं कधी काही वाकडं केलं होतं का?"

साहेबांनी तक्ता पुढे केला. म्हाताऱ्याने तो पाहिला, घडी घातली आणि डुगडुगणाऱ्या पेटीखाली सारली. मग पाठीमागे हात बांधून खोलीत एक फेरी मारली. अशी खोली बघून मला झोप यायची नाही, म्हणाला, निदान दाराच्या पट्ट्या तरी नीट लावतो आणि मग जातो. जातो हा शब्द मुलीने ऐकला. तिचा चेहरा उतरला.

त्याने अंबुराने चौकटीभोवतीच्या पट्ट्या उपसल्या. जादा पट्ट्यांतली एक घेतली, कोन मोजायचा गुण्या लावला, तिरकी कापली, कोपऱ्यात धरली. दोन लाकडं अशी भिडली की मध्ये कागद जाईना. मग त्याने पेटीतून एक बारीक खिळा घेतला, पट्टीवर धरला आणि हातोडी उचलली.

हातोडी खिळ्यावर पडली नाही. पट्टीवर पडली आणि तिथे रुपयाएवढा खड्डा पडला. त्याने पुन्हा उचलली. पुन्हा खड्डा. तिसऱ्या वेळी ती बोटावर पडली.  म्हाताऱ्याने हातोडी पेटीत ठेवली आणि झाकण लावलं.

"म्हटलं होतं ना, भंगारात दे," तो म्हणाला. "मी निघतो गं. अजून उजेड आहे."

मुलगी दारात आडवी उभी राहिली. पण बोलले ते साहेब. आता, त्यांच्या मनात एकदम कणव दाटून आली असं मी म्हणणार नाही. सातवा रकाना कुणीच बघितला नाही, हे त्यांना सहन झालं नाही, एवढंच.

"बाबा, हिचं नाक दाबल्याशिवाय खिळा सुटतच नाही," त्यांनी बंदूक पुढे केली. "नेम धरायचाच नाही. ठेवायची, दाबायची, घोडा ओढायचा. हाताचा काही संबंधच नाही."

म्हाताऱ्याने बंदुकीकडे असं पाहिलं की जणू कुणीतरी त्याला रेडीमेड दार दाखवलंय. नको म्हणाला. साहेबांनी पुन्हा पुढे केली. हा माणूस गप्प बसणार नाही हे कळल्यावर त्याने ती घेतली, वजन पाहिलं आणि चौकट किती जाड आहे ते अंगठ्याने मोजलं. इथे तुमचा अडीच इंची चालेल, म्हणाला. मग नवी पट्टी धरली आणि बंदुकीचं नाक तिच्यावर टेकवलं. नाक पट्टीवर थरथरत होतं. त्याने अंगाचा भार दिला. नाक दाबलं गेलं, आणि त्याबरोबर थरथर थांबली.

फट्.

खिळ्याचं डोकं पट्टीच्या पृष्ठभागाखाली केसभर गेलं होतं. म्हाताऱ्याने त्यावरून अंगठा फिरवला. वीतभर खाली दुसरा मारला. मग तिसरा. चौथ्यानंतर तो थांबला आणि बाहीने डोळे पुसले. भुसा गेला, म्हणाला. खोलीत त्या वेळी भुसा उडत नव्हता.

मग तो वळला, आणि आवाज बदललेला होता.

"जावईबापू, या भिंतीला आणि दार टेकायच्या पट्ट्यांना अडीच इंची चालायचा नाही. सव्वा इंची आणा. दुकान बंद व्हायच्या आत. आणि ते डोक्यावरचं काढून जा, लोक हसतील."

साहेब गेले. दुकानदाराने सव्वा इंची खिळ्यांची डबी काढली. ती त्याने बंदूक विकली त्या दिवसापासूनच बाजूला ठेवलेली असावी, असं साहेबांना उगीच वाटलं. ते घरी परतले, तेव्हा हॉलमध्ये सोफ्याच्या वर डावीकडून तिसऱ्या खिळ्याच्या टोकाला सासऱ्यांचा सदरा लटकत होता. चौथ्याला टॉवेल होता. पिशवी रिकामी होऊन घडी घालून ठेवलेली होती. आतून म्हाताऱ्याचा आवाज येत होता की मोजलं मी, निदान पंधरा दिवसांचं काम करून ठेवलंय या माणसाने, आणि स्वयंपाकघराचं दार कुणी बसवलंय, तेही बघायला लागेल.

ही महिनाभरापूर्वीची गोष्ट. भिंत आता दोन्ही बाजूंनी गुळगुळीत आहे. स्वयंपाकघराचं दार झालं, शेजारच्यांच्या दोन खिडक्या झाल्या, आणि खालच्या कोपऱ्यावरचा सुतार अडलं-नडलं विचारायला वर येऊ लागला. तिसऱ्या मजल्यावरची खोली सोडली. साहेबांना त्यांच्याच बंदुकीला हात लावायची परवानगी नाही. बॅटऱ्या चार्ज करणं तेवढं त्यांच्याकडे आहे.

परवा रविवारी सकाळी साहेब तक्ता घेऊन बायकोसमोर बसले. बाबा राहिले ते कशामुळे, असा त्यांचा सवाल होता आणि उत्तरही त्यांच्याकडेच होतं. सातव्या रकान्यामुळे. तीन महिने लोक हसत होते, पण निवड शेवटी बरोबर ठरली की नाही?

बायको भाजी निवडत होती. तिने वर पाहिलं नाही.

"बंदुकीचं मला काय माहीत," ती म्हणाली. "पण तयार खोलीत बाबा एक रात्रही राहिले नसते. बघून, बरी आहे म्हणून, सकाळी गेले असते. त्यांना हाताला काम दिसायला हवं होतं. म्हणून तर त्या सुताराला मी नको म्हटलं."

"म्हणजे?" साहेब म्हणाले. "तुला माझ्यावर विश्वास होता?"

"पूर्ण," बायको म्हणाली आणि देठं ताटात टाकली.

साहेबांनी थोडा वेळ विचार केला. त्यांना यात कुठेतरी आपली निंदा आहे अशी शंका आली, पण ती कुठल्या रकान्यात बसते हे समजेना. शेवटी त्यांनी पेन काढलं आणि तक्त्याच्या तळाशी शेऱ्यात लिहिलं, निवड योग्य, कुटुंबाचा पूर्ण विश्वास. ते सही करणार एवढ्यात आतून हाक आली.

"जावईबापू, बॅटरी संपली."

साहेब सही तशीच सोडून उठले.